पिवळ्या इव्हिनिंग प्रिमरोजच्या जवळच्या जाती रानात कशा ओळखाव्यात

पाकळी मोजली, साडेतीन सेंटिमीटर भरली, म्हणून झाड ग्लाझिओव्हियाना जातीचे. दोन सेंटिमीटर भरली, म्हणून बायेनिस. इव्हिनिंग प्रिमरोजची ओळख बरेच जण अशीच उरकतात आणि बरेच जण इथेच फसतात. पाकळीची लांबी उपयोगाची आहे, पण एकट्या पाकळीवर नाव ठरत नाही. फुललेल्या फुलातली कुक्षीची (पराग टेकतात त्या स्त्रीकेसराच्या टोकाची) उंची, न उमललेल्या कळीच्या टोकाची रचना आणि खोडावरची लव या तीन गोष्टी पाकळीच्या जोडीला तपासल्या, तरच इनोथेरा या प्रजातीतल्या (genus, इव्हिनिंग प्रिमरोजचे शास्त्रीय नाव) जवळच्या जाती वेगळ्या काढता येतात. तेही एका झाडावरून नाही, त्या ठिकाणच्या चार-सहा झाडांवरून.

आधी नात्यातली लांबची मंडळी बाजूला काढा

इनोथेराच्या सुमारे दीडशे जाती आहेत आणि त्या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. इथे विषय आहे तो त्यांतल्या एका गटाचा. उंच वाढणारा, पिवळ्या फुलांचा, संध्याकाळी उमलणारा हा गट आता जगभरातल्या रेल्वेमार्गांच्या कडेला, पडीक जमिनीत, नदीकाठच्या रेतीत आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत पसरलेला दिसतो. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा चक्राकार झुबका आणि खाली मांसल सोटमूळ, दुसऱ्या वर्षी अर्धा ते दोन मीटर उंच दांडा, असे त्याचे आयुष्य.

प्रजातीची खात्री एका फुलावरून होते. निदले (कळीला बाहेरून झाकणारी पाने) चार, पाकळ्या चार, पुंकेसर आठ, कुक्षी चार फाट्यांची. अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतो, आणि अंडाशय व पाकळ्या यांच्या मधे लांब पोकळ पुष्पनलिका असते. नवख्यांना ही नलिका फुलाचा देठ वाटते. खरे तर या गटात फुलाला देठ जवळजवळ नसतोच. नलिका कुठे संपते आणि अंडाशय कुठे सुरू होतो, हे पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे आदल्या दिवशीचे कोमेजलेले फूल हलकेच ओढणे. नलिका निखळून हातात येते आणि अंडाशय दांड्यावर राहतो.

नंतर बोंड पाहा. आपल्याला हव्या असलेल्या गटात बोंड बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळते असते, आणि बिया तपकिरी ते काळपट, धारदार कोनांच्या असतात. दक्षिण अमेरिकेतून पसरलेली स्ट्रिक्टा, वाळूवर लोळणारी राखाडी लवेची ड्रमंडाय आणि पाने कातरलेली, लहान फुलांची लासिनिएटा या तिन्हींचे बोंड साधारण एकसारख्या जाडीचे किंवा वरच्या बाजूला किंचित जाड असते. त्यांच्या बियांना कोन नसतात. एक पिकलेले बोंड फोडून तळहातावर बिया पसरल्या की या तिघी यादीतून जातात. दिवसा उमलणारी फ्रुटिकोसा तर चार धारांच्या, गदेसारख्या बोंडामुळे लगेच कळते.

वेळ आणि फूल निवडणे

फुले सूर्यास्ताच्या सुमारास उमलतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मान टाकतात. ढगाळ, थंड दिवशी ती दुपारपर्यंतही टिकतात. म्हणून सर्वांत चांगली वेळ म्हणजे सूर्यास्ताआधी अर्धा तास पोहोचणे. तेव्हा त्या संध्याकाळी उमलणाऱ्या फुगलेल्या कळ्याही हाताशी असतात आणि थोड्याच वेळात ताजी फुलेही मिळतात. सकाळी लवकर गेले तरी चालते, पण सकाळी अकराचे फूल मोजू नका. कोमेजताना पाकळी आक्रसते, नारिंगी होते आणि माप चार-पाच मिलिमीटरने सहज कमी भरते.

कोणते फूल मोजता यावर निकाल बदलतो. हंगामाच्या शेवटी, कोरड्या जमिनीत आणि बाजूच्या फांद्यांवर फुले लहान होतात. कापलेल्या किंवा चरलेल्या झाडाला बुडातून फुटलेल्या फांद्यांवर तर ती फारच लहान येतात. मुख्य दांडा शाबूत असलेली झाडे निवडा, फुलोरा निम्मा उमलला असेल अशी. प्रत्येक झाडावरची दोन फुले आणि त्या ठिकाणची किमान पाच झाडे मोजा. माप एक आकडा म्हणून लिहू नका, सर्वांत लहान ते सर्वांत मोठे असे लिहा.

सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी, धारदार पाते, कागदी पाकिटे आणि डोक्याला बांधायचा दिवा एवढे पुरते. प्लास्टिकच्या पिशवीत फूल तासाभरात लगदा होते.

पाकळी: पहिली चाळणी, शेवटची नव्हे

पाकळी बुडापासून तोडून पट्टीवर सपाट ठेवा आणि बुडापासून वरच्या कडेपर्यंत मोजा. फुलावरच पट्टी लावली तर पाकळीच्या वाकामुळे माप कमी येते.

बायेनिसची पाकळी साधारण १.२ ते २.५ सेंटिमीटर, क्वचित ३ पर्यंत. ग्लाझिओव्हियानाची ३.५ ते ५. पार्व्हिफ्लोरा, ओकेसियाना आणि व्हिलोसा या तिघींची बहुधा ०.७ ते २ च्या दरम्यान. इलाटाची २.५ ते ५, ग्रँडिफ्लोराची ३ ते ४.५. आकडे पाहिले की अडचण दिसतेच: दोन सेंटिमीटरच्या आत निदान चार जाती एकमेकींवर चढतात आणि तीनच्या वर निदान तीन. अडीच ते साडेतीनच्या पट्ट्यातले फूल दिसले की संकराची शंका मनात ठेवूनच पुढे जावे.

पाकळ्या अरुंद पट्ट्यांसारख्या असलेली झाडेही अधूनमधून भेटतात. असे झाड नवीन जाती वाटते, आणि एके काळी त्यांना वेगळी नावेही दिली गेली. पण हा प्रकार एकाहून अधिक जातींत उद्भवतो, म्हणून त्याची नोंद घ्या आणि ओळख मात्र इतर लक्षणांवरून करा.

कुक्षी कुठे आहे?

ताज्या फुलात बाजूने पाहा. कुक्षीचे चार फाटे परागकोशांच्या घोळक्यात आहेत, की त्यांच्या बरेच वर? बायेनिस, पार्व्हिफ्लोरा, ओकेसियाना, व्हिलोसा यांच्यात कुक्षी परागकोशांच्या मधेच असते. ग्लाझिओव्हियाना, इलाटा, ग्रँडिफ्लोरा यांच्यात ती स्पष्ट वर निघालेली असते, आणि पराग तिच्यापर्यंत बहुधा पतंगांकरवीच पोहोचतात.

वाऱ्याने हललेल्या, किड्यांनी विस्कटलेल्या फुलात हे नीट कळत नाही. त्यापेक्षा त्याच संध्याकाळी उमलणार असलेली कळी घ्या. ती फुगलेली असते आणि निदलांच्या फटीतून पिवळा रंग दिसत असतो. पात्याने तिला उभी चिरा. बायेनिसमध्ये परागकोश कळीतच फुटलेले असतात आणि कुक्षीवर परागांचा चिकट थर आधीच बसलेला असतो. फूल उमलण्यापूर्वीच स्वपरागण झालेले असते. ग्लाझिओव्हियानाच्या कळीत कुक्षी परागकोशांच्या वर, स्वच्छ असते. ही तपासणी सर्वांत भरवशाची आहे आणि तिला अर्धा मिनिटही लागत नाही.

अपवाद एकच लक्षात ठेवा. ग्लाझिओव्हियानात आखूड कुक्षिवृंताची (कुक्षीला उचलून धरणाऱ्या दांडीची) झाडे क्वचित आढळतात. पाकळ्या साडेचार सेंटिमीटरच्या, खोडावर लाल ठिपके, आणि कुक्षी मात्र खाली, असे दिसले तर जाती बदलू नका, शेजारची झाडे पाहा.

कळीचे टोक

लहान फुलांच्या जातींत खरा निवाडा इथे होतो. कळीत चारही निदले एकमेकांना चिकटून सुळका करतात आणि प्रत्येक निदलाला शेपटीसारखे एक बारीक सुटे टोक असते. प्रश्न असा, की हे टोक नेमके कुठून निघते?

बायेनिस, व्हिलोसा, ग्लाझिओव्हियाना, इलाटा यांच्यात ते निदलाच्या अगदी शेंड्यातून निघते. चारही टोके बुडाशी एकमेकांना टेकलेली आणि सरळ उभी असतात. पार्व्हिफ्लोरा आणि ओकेसियानामध्ये टोक शेंड्याच्या किंचित खालून, पाठीकडून निघते. त्यामुळे टोकांच्या बुडांमध्ये फट राहते आणि ती एकमेकांपासून फाकलेली दिसतात. भिंगातून बाजूने पाहिले तर दोन टोकांच्या मधे कळीचा खरा शेंडा उघडा दिसतो.

यात दोन चुका नेहमी होतात. कोवळ्या कळ्या पाहिल्या तर फरक कळत नाही, म्हणून एक-दोन दिवसांत उमलणाऱ्या कळ्याच घ्या. आणि दाबून वाळवलेल्या नमुन्यात बायेनिसची सरळ टोकेही फाकतात. तेव्हा टोक फाकले आहे का, यापेक्षा ते कुठून उगवते, हे पाहावे. पार्व्हिफ्लोरा आणि ओकेसियानाच्या फुलोऱ्याचा शेंडा बऱ्याचदा वाकलेला असतो. पण दुपारच्या उन्हात पाणी कमी पडलेला बायेनिसही मान वाकवतो, म्हणून शेंडा सकाळी किंवा पावसानंतर पाहिलेला बरा.

कळीवरून पार्व्हिफ्लोरा-ओकेसियाना ही जोडी वेगळी निघाली की तिच्यातला फरक लवेवर ठरतो. ओकेसियाना दाट, आखूड, चिकटून पडलेल्या लवेने राखाडी दिसते. पार्व्हिफ्लोरा हिरवी दिसते, तिची लव विरळ.

लव वाचायला शिका

इनोथेरावर साधारण चार प्रकारचे केस असतात: आखूड आणि पृष्ठभागाला चिकटून पडलेले, लांब आणि बाहेर पसरलेले, लांब पण बुडाशी फुगीर फोड असलेले, ती फोड लाल किंवा हिरवी, आणि अगदी आखूड, उभे, टोकाला चिकट थेंब असलेले. चौथा प्रकार मुख्यतः फुलोऱ्यात सापडतो.

तीन जागी पाहा: फुलोऱ्याच्या खालचा खोडाचा मधला भाग, अंडाशय आणि कळी. खोड उजेडाच्या आड धरून कडेने पाहिले की उभे केस उठून दिसतात. खोडाचा बुंधा पाहू नका. तो उन्हाने लाल होतो आणि सगळ्याच जाती तिथे सारख्या दिसतात. पानाच्या मध्यशिरेचा लाल किंवा पांढरा रंगही उजेडाप्रमाणे बदलतो. काही युरोपीय वर्णनांत त्याला फार महत्त्व दिले आहे, पण एकट्या त्यावर नाव ठरवणे धोक्याचे.

ग्लाझिओव्हियानाच्या हिरव्या खोडावर आणि अंडाशयावर लाल फुगीर बुडांचे केस भरपूर असतात. नुसत्या डोळ्यांना ते लाल ठिपके दिसतात. निदलांवर लाल पट्टे असतात किंवा ती पूर्ण लाल होतात, आणि पाने सुरकुतलेली असतात. युरोपात वाढणाऱ्या नेहमीच्या बायेनिसच्या खोडाच्या हिरव्या भागावर असे लाल ठिपके नसतात आणि निदले हिरवट-पिवळी असतात. तिथे हा नियम उत्तम चालतो. उत्तर अमेरिकेत मात्र तो तसाच लावू नका. तिथे बायेनिस फार विविध आहे आणि तिच्या खोडावरही फुगीर बुडांचे केस सापडतात. एका खंडासाठी लिहिलेली ओळख-किल्ली दुसऱ्या खंडात वापरल्याने होणाऱ्या चुका या प्रजातीत सर्वांत जास्त आहेत.

व्हिलोसा उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडे आणि मैदानी प्रदेशात बायेनिसची जागा घेते. तिची कळी बायेनिससारखीच, फूलही लहान, पण कळ्या आणि बोंडे दाट, चिकटून पडलेल्या लवेने भरलेली असतात आणि पाने जाडसर, निस्तेज, राखाडी-हिरवी दिसतात. तिचा एक उपप्रकार जास्त हिरवा आणि लाल फोडांचा असतो, तो बायेनिसच्या अधिक जवळ जातो. उलट दिशेला, आग्नेय अमेरिकेत न्यूटान्स भेटते. तिच्या फुलोऱ्यावर लव फारच विरळ असते. न्यूटान्स आणि बायेनिस एका फोटोवरून कधीही वेगळ्या करू नयेत.

मोठ्या फुलांचे चौघे

इथे ठिकाण बरेच काम करते. अमेरिकेबाहेर मोठ्या फुलांचे झाड वाळूत किंवा पडीक जागी दिसले तर ते बहुधा ग्लाझिओव्हियाना किंवा तिचा संकर असतो. कॅलिफोर्निया, नैर्ऋत्य अमेरिका आणि मेक्सिकोत इलाटाचा विचार आधी करावा. अलाबामाच्या आसपास ग्रँडिफ्लोरा, जिच्या कळ्या सडपातळ आणि जवळजवळ लवहीन असतात. ॲपलेशियन पर्वतातल्या उघड्या, ठिसूळ शेल खडकाच्या उतारांवर आर्जिलिकोला: पाने अरुंद, गुळगुळीत, फुलोरा वाकलेला, आणि निदलांची टोके पार्व्हिफ्लोराप्रमाणे शेंड्याच्या खालून निघालेली.

पुष्पनलिकाही मोजून ठेवा. बायेनिसची साधारण २.५ ते ४ सेंटिमीटर, ग्लाझिओव्हियानाची ३.५ ते ५. नलिका सहाच्या पुढे गेली तर टेक्सास-ओक्लाहोमाकडील जेमसाय किंवा युटा-ॲरिझोनाकडील लॉंजिसिमा असण्याची शक्यता तपासा. बाकी जातींसाठी नलिकेचा उपयोग थोडाच.

इलाटा आणि ग्लाझिओव्हियाना शेजारी आल्या की बाहेरची लक्षणे गोंधळात टाकतात. तेव्हा परागकण पाहावेत. काचपट्टीवर पराग ठेवून लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लूचा एक थेंब टाका, दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोनशे कण मोजा. भरलेले कण निळे होतात, पोकळ कण फिके आणि आक्रसलेले राहतात. या प्रजातीचे कण बारीक चिकट धाग्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून थेंबात सुईने ते आधी सोडवावे लागतात. इलाटा आणि ग्रँडिफ्लोरात बहुतेक कण भरलेले निघतात. ग्लाझिओव्हियानात सुमारे निम्मे पोकळ असतात. सूक्ष्मदर्शक नसेल तर पिकलेले बोंड फोडा: ग्लाझिओव्हियानाच्या सुमारे निम्म्या बिया पोचट असतात. मात्र ही परागचाचणी बायेनिसला ग्लाझिओव्हियानापासून वेगळे करत नाही, कारण बायेनिसचेही निम्मे पराग पोकळच असतात.

निम्मे पराग वाया का जातात, आणि त्यामुळे ओळख अवघड का होते

हा भाग टाळता येत नाही, कारण सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे. या झाडांत १४ गुणसूत्रे असतात. नेहमीच्या वनस्पतीत अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी त्यांच्या सात जोड्या व्हायला हव्यात. बायेनिस, पार्व्हिफ्लोरा, ग्लाझिओव्हियाना यांच्यात मात्र गुणसूत्रांच्या तुकड्यांची पूर्वी अदलाबदल झालेली असल्याने ती टोकाला टोक जोडून मोठी कडी करतात, कधी चौदाही गुणसूत्रांची एकच. परिणामी सात-सात गुणसूत्रांचे दोन संच अखंड राहून पुढच्या पिढीत जातात आणि त्यांच्यात सरमिसळ जवळजवळ होत नाही. दोन्ही संचांत घातक जनुके असल्याने एकाच संचाची जोडी जगत नाही, दोन वेगळे संच एकत्र आले तरच झाड तगते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ऑटो रेनर यांनी हे संच ओळखले आणि त्यांना नावे दिली. ग्लाझिओव्हियानाचे संच व्हेलान्स आणि गाउडेन्स, बायेनिसचे आल्बिकान्स आणि रुबेन्स.

याआधी डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीस यांनी १८८६ मध्ये नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसम गावाजवळ याच ग्लाझिओव्हियानाची (तेव्हाचे नाव लामार्कियाना) झाडे पाहिली आणि त्यांच्या बियांतून अचानक निघणाऱ्या वेगळ्या झाडांवर १९०१ ते १९०३ मध्ये उत्परिवर्तनाचा सिद्धांत मांडला. त्यांतले गिगास हे झाड पुढे २८ गुणसूत्रांचे निघाले. इतर काही वेगळेपणांचे मूळही या विचित्र गुणसूत्ररचनेतच होते.

रानातल्या माणसाला याचा अर्थ असा: बीजापासून आलेली संतती जवळजवळ आईची प्रतच असते. एखाद्या ठिकाणी एकसारखी दिसणारी शेकडो झाडे सापडली म्हणून ती वेगळी जाती ठरत नाही. आणि संकर झालाच, तर तोही अनेकदा पहिल्याच पिढीपासून स्थिर राहून स्वतःसारखीच झाडे देत राहतो. त्यामुळेच काही युरोपीय अभ्यासकांनी अशा प्रत्येक स्थिर रूपाला जाती मानले आणि यादी वाढत गेली. उत्तर अमेरिकेतली मांडणी मोजक्या, विस्तृत जाती मानते. व्यवहारात दुसरी मांडणी जास्त उपयोगी पडते, पण कोणती वापरली हे नोंदीत लिहायलाच हवे. त्याशिवाय बायेनिस या नावाचा अर्थ दोन ठिकाणी दोन होतो.

संकर पकडायचा कसा

बायेनिस आणि ग्लाझिओव्हियाना एकत्र वाढतात तिथे त्यांचा संकर, फॅलॅक्स, हमखास शोधावा. त्याची खूण म्हणजे लक्षणांची विजोड जुळणी: खोडावर ग्लाझिओव्हियानाचे लाल ठिपके, निदलांवर लाली, पण पाकळी दोन ते तीन सेंटिमीटरची आणि कुक्षी परागकोशांच्या पातळीत. तीन तपासण्यांपैकी दोन एका जातीकडे आणि तिसरी दुसरीकडे बोट दाखवत असेल तर ओढूनताणून नाव देऊ नका. त्याच जागी दोन्ही पालक आहेत का, ते शोधा. असतील तर संकराची नोंद करा, नसतील तर प्रजातीपर्यंत थांबा. संकर कोणत्या झाडाच्या बीजातून झाला यावर त्याचे रूप बदलते, म्हणून एकाच दोन पालकांची संकरित झाडे दोन वेगवेगळ्या तोंडवळ्यांची भेटणे शक्य आहे.

नमुना आणि नोंद

फोटो पाच हवेत: पूर्ण झाड, ताजे फूल बाजूने, उमलण्याच्या बेतातली कळी जवळून, खोडाचा मधला भाग पट्टीसह, आणि बोंड. समोरून काढलेला सुंदर पिवळ्या फुलाचा फोटो ओळखीसाठी जवळपास निरुपयोगी असतो, आणि लोक नेमका तोच काढतात.

नमुना घेण्याची परवानगी असेल तर फुलोरा संध्याकाळीच कागदात दाबा. एक फूल उभे चिरून वेगळे ठेवा, एक पाकळी सपाट ठेवा, दोन कळ्या न दाबता पाकिटात घाला. पिकलेली बोंडे स्वतंत्र पाकिटात. वाळल्यावर निदलांची लाली आणि केसांच्या बुडांचा रंग फिका पडतो, म्हणून रंग त्याच जागी लिहा. चिठ्ठीवर मापांची व्याप्ती, कुक्षीची जागा, कळीच्या टोकाची रचना, खोड आणि अंडाशयावरची लव, माती, तारीख आणि वेळ एवढे असावे.

हिवाळ्यात फक्त वाळके दांडे उरतात. त्यांवरची चार फाळक्यांत उकललेली बोंडे आणि कोनदार बिया प्रजातीचा गट सांगतात, जाती नाही. अशा वेळी थोड्या बिया पेरून ठेवाव्यात. पहिल्या वर्षी पानांचा झुबका, दुसऱ्या वर्षी फुले, आणि संतती आईसारखीच निघत असल्याने तपासणी त्या फुलांवर करता येते.